तिलारीचं राखीव रान वाढवायचं तर आधी सरकारी जमिनींची गाठ सरकारनेच मारावी

व्हाळाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतोय. मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातला. तिलारी धरणाच्या अंगाला आमचा गाव आहे, घरची काजू आणि सुपारीची बागायत आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ग्रामसभेत विषय अजून तापलेला आहे आणि कुणाचंही नाव इथे येऊ नये असं वाटतं.

गावाच्या हद्दीतली सरकारी जंगल-जमीन तिलारी संवर्धन राखीव क्षेत्राला जोडावी का, असा प्रश्न गेल्या ग्रामसभेत आला. वाक्य पुरं व्हायच्या आधीच मागून आवाज आला, "अभयारण्य नको!" मग कोण काय बोलतंय ते कुणालाच ऐकू येईना. ओरडणाऱ्यांवर माझा राग नाही. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने आमच्या आज्यांच्या सातबारावर एका रात्रीत वनाची नोंद चढली. त्या कायद्यातल्या कलम २२-अ खाली १२ हेक्टरपर्यंतची जमीन परत मिळण्याची वाट आहे, पण त्या वाटेवर पायपीट करणारी घरं आमच्या वाडीत आजही आहेत. ज्याने हे भोगलंय, त्याला 'राखीव' हा शब्द ऐकून धडकी भरणारच.

पण सभा संपल्यावर पंचायतीच्या टेबलावर तीन नकाशे पसरलेले मी पाहिले आणि त्या रात्री झोप लागली नाही. एक वनखात्याचा, एक महसुलाचा गावनकाशा, एक धरणासाठी झालेल्या संपादनाचा. तिन्हींत आमचा व्हाळ (ओढा) होता. एका नकाशात तो देवराईच्या उगवतीला, दुसऱ्यात मावळतीला, आणि तिसऱ्यात देवराईच नव्हती, नुसता एक सर्व्हे नंबर होता. राखीव क्षेत्राची कड आणि पलीकडचं वनखात्याचं रान यांच्यामध्ये एक लांबट पट्टा आहे. तो पट्टा कुणाचा, हे त्या खोलीतल्या एकालाही सांगता आलं नाही.

मी स्वतः त्या पट्ट्यात फिरलोय. धरणासाठी संपादन झालेलं, पण पाणी तिथवर चढलंच नाही. माणसं उठली आणि रान परत आलं. जोत्यांवर कुंभा वाढलाय. परसातले फणस अजून धरतात, त्यांच्याखाली गव्यांचं शेण आणि हत्तींच्या पायांचे परातीएवढे खड्डे. एका अंगणात तुळशीवृंदावन उभं आहे आणि त्यातून करवंदाची जाळी वर आली आहे. या रानासाठी आज कुणाला उठवायची गरज नाही. ज्यांना उठवायचं होतं, ते कधीच उठले.

आता थोडी पार्श्वभूमी, बाहेरच्या वाचकांसाठी. तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जून २०२० मध्ये जाहीर झालं, क्षेत्रफळ २९.५३ चौरस किलोमीटर. त्याच वर्षी डिसेंबरात आंबोली–दोडामार्ग या ५६.९२ चौरस किलोमीटरच्या राखीवाला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. नुसते आकडे पाहिले तर हे लहान तुकडे आहेत. पण नकाशावर बोट ठेवून खाली या: चांदोली, राधानगरी, आंबोली, तिलारी, मग गोव्याची म्हादई, कर्नाटकचं भीमगड, आणि पुढे काळी व्याघ्र प्रकल्प. वाघ या वाटेने चालतो. सह्याद्रीच्या वरच्या अंगाला वाघ टिकायचा तर खालून येणारी ही वाट उघडी हवी. आणि वाट सर्वात चिंचोळी होते ती आमच्याकडे, सावंतवाडी-दोडामार्गात. इथे बहुतेक डोंगर खासगी मालकीचा. गेल्या काही वर्षांत रबर आणि अननसासाठी डोंगरच्या डोंगर भादरले गेले. २०१३ साली उच्च न्यायालयाने या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, तरी कुऱ्हाड थांबली असं मला माझ्या अंगणातून दिसत नाही.

संवर्धन राखीव आणि अभयारण्य यांत फरक काय, हे सभेत कुणी सांगितलंच नाही. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आलं. संवर्धन राखीव फक्त सरकारच्या मालकीच्या जमिनीवर होतं, आणि तेही स्थानिकांशी विचारविनिमय करून. खासगी सातबाऱ्याला त्यात हात लागत नाही. अभयारण्याची सगळी कलमं इथे लागू होत नाहीत. वणवा लावणं, विषारी पदार्थ वापरणं यांवरची बंदी लागू होते. अभयारण्यात गुरांच्या चराईला लगाम घालणारं ३३(ड) मात्र इथे लावलेलं नाही. (मूळ जमीन राखीव वन असेल तर तिचे जुने नियम आहेतच, ते काही नव्याने येत नाहीत.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. रान वाढवायचं म्हटलं की सरकार आधी शेतकऱ्याच्या दारात येतं. त्याआधी वनखातं, महसूल आणि पाटबंधारे या तिघांनी एकाच टेबलाला बसून, आपापल्या ताब्यातले तुकडे एका नकाशावर आणावेत आणि एकमेकांना जोडावेत. आमच्या गावात हे झालं तर एकाही खासगी गुंठ्याला न शिवता राखीवाची कड पलीकडच्या रानाला जाऊन मिळते. ते झाल्यावर आमच्याकडे या, आम्ही बोलायला तयार आहोत.

ज्यांना अशा कामाचा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा. विशेषतः हे तीन विभाग एकत्र बसतात कसे, ते मला हवंय.

---

गडग्यापलीकडे

माजी बाग धरणाच्या वरच्या अंगाक आसा. २००२ पासून हत्ती बगतंय. पयल्यांदा हत्ती इलो तेवा लोकांनी नारळ ठेयल्यानी, हात जोडल्यानी, गणपती इलो म्हणान. आता तेच लोक रातभर डबे वाजयत बसतत. गेल्या वर्षी सुपारीची रांग एका रातीत आडवी केल्यान, माडाचो कोंब खाल्ल्यान. पंचनामो करूक माणूस आठ दिवसांनी इलो. तवसर पायाचो ठसो पावसान धुवान नेल्यान. माका विचारतत, हत्तीनच मोडल्यान कशावरना?

रान वाढवा, माजो विरोध नाय. पण रानाची हद्द माज्या गडग्याक (बागेच्या दगडी कुंपणाक) येवन टेकली, तर गडग्याच्या अल्याडचा नुकसान कोणाचा, ता आधी लिवन देवा. तोंडान नको.

---

व्हाळाकाठचा

दादा, तुमचं शंभर टक्के पटलं. पंचनाम्याची मुदत आणि कोणी यायचं ते नाव-हुद्द्यानिशी ठरावात लिहून घ्यायचं, हे मी टिपून ठेवलंय. एक सांगतो, हत्ती तुमच्या बागेत येतो तो नव्या हद्दीमुळे नाही. मधला पट्टा बेवारस आहे म्हणून तिथे गस्त नाही, आणि तो कुठे आहे हे तुम्हाला आधी कळवणारं कुणी नाही. पट्टा राखीवात आला तर निदान तिथल्या वनरक्षकाचं ते काम ठरेल.

---

रानवेडा_पुणे

लेख आवडला, पण मुद्द्याशी असहमत. संवर्धन राखीव म्हणजे कागदी वाघ. चराई चालू, लाकूडफाटा चालू, मग राखलं काय? वाघाची वाट म्हणता, तर सरळ अभयारण्य जाहीर करायला हवं.

---

व्हाळाकाठचा

@रानवेडा, अभयारण्याची इच्छा कलम १८ खाली जाहीर झाली की पुढे जिल्हाधिकाऱ्याने एकेका माणसाच्या एकेका हक्काची चौकशी करायची, दावे मागवायचे, निवाडे करायचे, आणि मग कुठे २६-अ खाली अंतिम अधिसूचना. कायद्यात त्यासाठी दोन वर्षांची मुदत लिहिली आहे. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर चाळीस-चाळीस नावं आहेत, निम्मी मुंबईत. त्या वाटेने गेलं तर माझी नातवंडं नोटिसा वाचत बसतील आणि तोवर डोंगरावर रबर उभं राहील.

दुसरं, चराई. आमच्याकडे गुरं आता राहिलीत किती! भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) झाडांच्या फांद्यांचं कवळ तोडून जमिनीची भाजावळ करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रान खातंय ते गुरू नव्हे, यंत्रावरची करवत खातेय. आणि ती चालते ती खासगी डोंगरात आणि ज्याला धनी नाही अशा सरकारी तुकड्यात. पहिल्यावर मी आज बोलत नाही. दुसऱ्याला धनी मिळवून द्यायचाय.

---

मोजणीदार

धागा वाचून राहवलं नाही. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. तुमच्या त्या तीन नकाशांचं कोडं मला नवीन नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

धरणासाठी जमीन संपादन होते तेव्हा एखाद्या सर्व्हे नंबरातला सगळा तुकडा जातोच असं नाही. अर्धा जातो, पाऊण जातो. मग मोजणी करून कमी-जास्त पत्रक काढावं लागतं. त्याला आम्ही कजाप म्हणतो. किती क्षेत्र सरकारकडे गेलं, किती मूळ मालकाकडे उरलं, आकार (शेतसारा) कसा फोडायचा, हे त्यात येतं. कजाप तलाठ्याकडे गेलं की फेरफार होतो आणि तेव्हा कुठे सातबारावर सरकारचं नाव लागतं. पैसे वाटले, निवाडा झाला, पण कजाप निघालंच नाही, असं कित्येक ठिकाणी झालेलं आहे. म्हणजे जमीन सरकारने घेतली, मोबदला दिला आणि सातबारा मात्र अजून आज्याच्याच नावावर. नातू भोळेपणाने किंवा जाणूनबुजून ती विकून मोकळा होतो. घेणारा परजिल्ह्यातला किंवा परराज्यातला. त्याच्या हातात कोरा सातबारा, त्याच्या दृष्टीने तोही खरा. मग जेसीबी चढतो.

मी एका धरणाच्या संपादित हद्दीची फेरमोजणी केली होती (तिलारी नव्हे, दुसऱ्या तालुक्यातलं लहान धरण). नकाशात दाखवलेले हद्दीचे दगड शोधायला सकाळी निघालो. एकोणीस दगडांपैकी सात सापडले. आठवा सापडला तो एका घराच्या विहिरीवर. धुणं आपटून आपटून त्याची एक कड गुळगुळीत झालेली, पण उलटा केल्यावर खोदलेला बाण स्वच्छ दिसला. त्या घरच्या आजीबाई म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथेच आहे हो तो." त्या खोटं बोलत नव्हत्या. दगड पुरून त्याची नोंद करायची आणि मग तीस वर्षं तिकडे फिरकायचं नाही, ही चूक आमची.

तुम्ही विचारलंत, तीन विभाग एकत्र बसतात कसे. सिंधुदुर्गाची अडचण ऐका. सावंतवाडीच्या उपवनसंरक्षकांचं वरचं कार्यालय कोल्हापूरला. महसूल जिल्हाधिकाऱ्यांकडून वर जातो तो कोकण आयुक्तांकडे, नवी मुंबईच्या कोकण भवनात. धरणाची जमीन कोकण पाटबंधारे विकास महामंडळाकडे, त्यांचं मुख्यालय ठाण्याला. एकाच व्हाळाच्या दोन काठांवरच्या जमिनीची पत्रं अशी तीन दिशांना जातात. कुणी काम करत नाही असं मी म्हणणार नाही. प्रत्येकजण आपल्या वरच्याला पत्र पाठवून उत्तराची वाट पाहतो. माझ्या एका पत्राचं उत्तर यायला सात महिने लागले, आणि उत्तर होतं, "विषयांकित क्षेत्र आमच्या ताब्यात असल्याबाबत खात्री करावी." खात्री करण्यासाठीच तर मी पत्र लिहिलं होतं.

यावर उपाय एकच चालताना पाहिलाय. जिल्हाधिकाऱ्यांनी बैठक बोलवायची, तिघांनाही आपापलं मूळ रेकॉर्ड घेऊन यायला सांगायचं, आणि त्याच बैठकीत संयुक्त मोजणीची तारीख घ्यायची. मोजणीला तिघांची माणसं एकाच दिवशी, एकाच यंत्रामागे उभी हवीत. आता उपग्रहावरून मोजणारे रोव्हर आले आहेत, पूर्वी आठवडा लागायचा ते दोन दिवसांत होतं. शेवटी जागेवरच तिघांच्या सह्या घ्यायच्या. ऑफिसात परत गेल्यावर सही होत नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. संवर्धन राखीवासाठी जमिनीची मालकी वनखात्याकडे द्यावीच लागते असं नाही. जमीन सरकारची असली म्हणजे झालं. पाटबंधाऱ्याची जमीन पाटबंधाऱ्याच्याच नावावर ठेवून ती राखीवात घेता येते. त्यांची भीती एवढीच असते की उद्या भरावाच्या दुरुस्तीला, कालव्याच्या रस्त्याला, मातीच्या खाणीला वनखातं अडवेल. ती कामं कोणती आणि कुठे, हे आधीच लेखी ठरवलं तर त्यांची हरकत राहत नाही. 'जमीन द्या' म्हणून गेलात तर फाईल पाच वर्षं झोपेल. 'जमीन तुमचीच, फक्त राखू द्या' म्हणून जा.

---

शेकरू

मोजणीदार काका, इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

खाडीकाठची

मी रायगडातून लिहितेय, किनाऱ्यावरून. डोंगरातलं मला कमी कळतं, पण एका सरकारी खात्याने दुसऱ्याला जमीन सोपवायची ही गोष्ट आमच्या कांदळवनांत मी घडताना पाहिली आहे.

६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून जाहीर करून वनखात्याकडे द्यावीत. त्याआधी ती महसुलाच्या दप्तरात 'खाजण', 'पडीक' नाहीतर नुसती 'खाडी' होती. २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. मग उपग्रहाची छायाचित्रं आणि गावनकाशे एकावर एक ठेवून सर्व्हे नंबर काढायचं काम सुरू झालं. आमच्या गावात मोजणीला माणसं आली तेव्हा ओहोटी बघून यायला हवं हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. गुडघाभर चिखलात अडकली. आमच्या कोळणींनी दोरी टाकून ओढून काढली आणि मग पुढचे चार दिवस त्यांनीच वाट दाखवली. चिप्पी कुठवर आहे, तिवर कुठून सुरू होतं (ही कांदळाची झाडं), भरतीचं पाणी कुठल्या बांधापर्यंत चढतं, हे नकाशापेक्षा त्यांना अधिक ठाऊक. शेवटचे दोन सर्व्हे नंबर त्यांच्यामुळे यादीत आले.

या सगळ्याला वर्षांमागून वर्षं लागली, अजून सगळीकडे झालेलं नाही. पण जिथे झालं तिथे फरक पडला. आता भराव टाकणाऱ्याला विचारणारा एक ठरलेला माणूस आहे. पूर्वी तलाठी म्हणायचे वनखात्याला विचारा, वनखातं म्हणायचं आमची हद्द नाही.

मुंबईच्या आरेचंही उदाहरण आहेच. दुग्धविकास विभागाकडची ८१२ एकर जागा २०२१ मध्ये वनखात्याच्या ताब्यात आली, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून. आणि आमच्या जवळचं कर्नाळा. १९६८ साली जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं, २००३ मध्ये बारांवर गेलं. लोक किल्ला बघायला येतात आणि अभयारण्य तेवढंच समजतात, पण महामार्गाच्या दोन्ही अंगांनी ते वाढलं म्हणून पक्ष्यांना रान उरलंय.

एक सावधगिरीची सूचना. जागा सोपवली, फलक लागला, पण माणसं वाढवली नाहीत तर आहे तोच वनरक्षक दुप्पट रानात पळत राहतो. ताबा घेतानाच किती माणसं देणार ते विचारा.

---

सत्तरीकर

सीमेच्या पलीकडून, गोव्याच्या सत्तरीतून लिहितोय. तुमचं तिलारी आणि आमची म्हादई हे एकच रान आहे, रेघ आपण मारलेली. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये झालं, साधारण २०८ चौरस किलोमीटर. जाहीर झालं, पण हक्कांचा निकाल लागायचं काम मागे पडत गेलं आणि गावं कायम टांगणीला राहिली. सत्तरीत अभयारण्य म्हटलं की माणसं चिडतात ती त्यामुळे.

जानेवारी २०२० मध्ये इथे एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेली. गुरं मारली गेल्यावर विष घातल्याचं तपासात पुढे आलं. ती बातमी आली त्या दिवशी मी घरात जेवलो नाही. वाघ मेले याचं दुःख होतंच. पण ज्या घरावर आळ आला त्या घराला मी ओळखू शकतो असं वाटलं, म्हणजे तसलं घर माझ्याही शेजारी आहे. एक म्हैस गेली तर त्या घरचं वर्षाचं गणित जातं. तुमच्या गडग्यापलीकडे यांनी जे लिहिलंय, "आधी लिवन देवा", ते हलक्यात घेऊ नका. २०२३ च्या जुलैत आमच्या उच्च न्यायालयाने म्हादई व्याघ्र प्रकल्प करण्याचा आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टातून आदेश येतो, पण म्हशीचे पैसे पंधरा दिवसांत पोचवायचे ते खात्यालाच.

तुम्ही तीन विभागांबद्दल लिहिताय. मी म्हणतो चौथी खुर्ची गोव्याच्या वनखात्याची ठेवा, पाचवी कर्नाटकाची. तिलारी धरण महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांनी मिळून बांधलं. पाणी वाटून घेताना दोन्हीकडचे अभियंते एका टेबलाला बसतात, मग रानासाठी वनरक्षक का बसू नयेत? वाघ तुमच्याकडून निघाला की आमच्या नाक्यावर फोन यावा, एवढ्यापासून सुरुवात केली तरी पुरे.

---

जोत्यावरची

मी या संकेतस्थळावर नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहितेय कारण धाग्यात ज्या तुळशीवृंदावनाचं वर्णन आहे, तसलं एक माझ्या आईच्या माहेरचं आहे.

आजोळ धरणात गेलं. घर पाण्यात नाही गेलं, शेत गेलं, वाट गेली, त्यामुळे घर सोडावं लागलं. मी तेव्हा लहान होते. ट्रकात भांडी भरताना आजीने चुलीतली राख एका फडक्यात बांधून घेतली होती, ते आठवतं. पुनर्वसनाच्या गावात नवं घर झालं, देव नेले, पण राखणदार नेता येत नाही. तो जागेचा असतो. म्हणून दरवर्षी मे महिन्यात, पाणी ओसरलं की आमची चार-पाच घरं तिथे जातात. नारळ ठेवतात, मामा गाऱ्हाणं घालतो, आई जोत्यावर बसून डबा उघडते आणि आम्ही परत येतो. दोन तासांचं काम. कुणी फांदी मोडत नाही.

मागे एकदा आम्हाला वाटेत अडवलं. परवानगी कुठे आहे म्हणून विचारलं. कुणाची परवानगी, तेही त्यांना सांगता येईना. मामा काही बोलला नाही. नारळ तिथेच वाटेवर एका दगडापाशी ठेवला आणि आम्ही वळलो. आई परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही.

रान वाढलेलं मला हवंय. आमच्या अंगणात गवे चरतात हे ऐकून वाईट वाटत नाही, उलट जागा ओसाड नाही याचं बरं वाटतं. तिथे रबर लागलेलं मला बघवणार नाही. पण जे तीन विभाग टेबलाला बसतील त्यांच्या कागदात आमचे ते दोन तास लिहा.

---

व्हाळाकाठचा

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आणि वाचताना एक गोष्ट ध्यानात आली जी माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

कलम ३६-ब मध्ये संवर्धन राखीवाच्या व्यवस्थापन समितीत कोण असावं ते लिहिलंय: वनखात्याचा प्रतिनिधी सदस्य-सचिव, ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत राखीव येतं तिचा एकेक प्रतिनिधी, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचे एकेक. म्हणजे आमच्या गावाला खुर्ची आहे. पण जे गाव उठलं, ज्याची पंचायत आता दुसऱ्या ठिकाणी आहे, त्याला तिथे हद्दच नाही, म्हणून खुर्चीही नाही. ज्यांच्या जोत्यांवर हे रान उभं आहे त्यांनाच बोलायला जागा नाही. आणि पाटबंधाऱ्यालाही त्या यादीत स्थान नाही, जमीन त्यांची असूनही.

समितीने ठराव करून दोघांनाही कायमचं निमंत्रित करावं, असं आमच्या गावाच्या ठरावात घालायला मी सांगणार आहे. आणि मे महिन्यातली वाट, तिचे दिवस, कुठवर गाडी, कुठून चालत, हे व्यवस्थापन आराखड्यात यायला हवं.

---

रानवेडा_पुणे

आधीचा माझा प्रतिसाद घाईचा होता. चराई आणि लाकूडफाट्यावरून मी सगळं मोजत होतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव रानांभोवती एक किलोमीटरच्या पर्यावरण-संवेदनशील पट्ट्याचा आदेश दिला होता, त्याचीही लोकांना भीती असेल. तो राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांबद्दल होता, आणि २०२३ मध्ये शिथिल झाला. ग्रामसभेत कुणी तो मुद्दा काढला तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

---

व्हाळाकाठचा

धन्यवाद, तो मुद्दा निघणारच आहे. सावंतवाडी-दोडामार्गातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचा २०२४ चा उच्च न्यायालयाचा आदेश आणि हा विषय लोक एकत्र करतात. दोन्ही वेगळे आहेत, पण चावडीवर ते एकाच दमात बोलले जातात.

---

मोजणीदार

@व्हाळाकाठचा, ग्रामसभेआधी एक काम करा. त्या पट्ट्यातल्या सगळ्या सर्व्हे नंबरांचे आजचे सातबारा काढा, आणि संपादनाच्या निवाड्याची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा. दोन्ही शेजारी ठेवले की कुठल्या नंबरचं कजाप राहिलंय ते शाळेतल्या मुलालाही दिसेल. ती यादी हातात असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत 'खात्री करावी' असं कुणी म्हणू शकणार नाही. फाळणी नकाशे (सर्व्हे नंबरांचे पोटहिस्से दाखवणारे) वाचायला अडचण आली तर मी येतो. डोळे अजून साथ देतात, चढाला तेवढा वेळ द्या.

---

गडग्यापलीकडे

काकानू, येवा. चढाक माजी गाडी आसा, अर्ध्या वाटेपर्यंत जाता. फुडे मी काठी दितंय. आणि तो निवाडो काढशात तेवा माज्या गडग्याच्या पलीकडचो नंबर पण बगा. माज्या बापूसान पैशे घेतल्यान काय नाय, ता माका पण कळूक व्हया.

---

व्हाळाकाठचा

माहितीच्या अधिकाराचा अर्ज काल दिला, पोच हातात आहे. सातबारे ऑनलाईन काढायला घेतलेत, आत्तापर्यंत चौदा झाले. त्यातले पाच अजून जुन्या मालकांच्याच नावावर आहेत.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला धरणाच्या नाक्यावर भेटूया. मोजणीदार काका सावंतवाडीहून पहिल्या एसटीने येतायत. जोत्यावरची ताई मामांना घेऊन येणार आहेत, कारण जुनी पाणंद कुठून जायची ते आता त्यांनाच ठाऊक आहे. पाऊस पडून गेलाय, जळवा आहेत. पायात उंच बूट घाला आणि सोबत मीठ-तंबाखूची पुरचुंडी ठेवा.